बुवांनी गायलेली जाहिरात

खोपोलीच्या कारखान्यातली माझी नोकरी सुटली तेव्हा मी घरी जाहीर केलं की मी आता मोबाईलची अ‍ॅप बनवणार. बायकोने विचारलं, म्हणजे दिवसभर घरीच? मी हो म्हटलं. तिने पुढे काही न विचारता दळणाचा डबा माझ्या हातात दिला. नव्या धंद्याचं उद्घाटन आमच्याकडे असं झालं.

अ‍ॅप बनवायला मी व्हिडिओ बघून शिकलो. पोहण्याचे व्हिडिओ बघून विहिरीत उडी मारावी, त्यातलाच तो प्रकार. माझं पहिलं अ‍ॅप भाताच्या बियाण्याचा हिशेब करून द्यायचं. किती गुंठ्याला किती बियाणं, ते भरलं की उत्तर हजर. मी ते मोठ्या अभिमानाने माझ्या चुलत्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून आकडा बघितला आणि म्हणाले, एवढं पेरलं तर रोपं घरात उगवतील. ते अ‍ॅप तिथेच संपलं.

हे चुलते म्हणजे आमच्या भजनी मंडळाचे बुवा. मी काका म्हणतो, बाकी सगळं गाव बुवा म्हणतं. आमचं गाव भिवपुरी आणि कर्जतच्या मधलं. वीजघरातून सुटलेलं पाणी नदीला येतं, म्हणून आमच्याकडे भर उन्हाळ्यातही काठाने भाजीचे मांडव हिरवे असतात. काकांची वाडी तिथेच. दिवसा कारली-दुधी आणि गुरुवारी, एकादशीला देवळात पेटीवर, असं त्यांचं आयुष्य चाललेलं मी लहानपणापासून बघत आलो. गावात कुणाचं बारसं असो की दहावा, पेटीमागची जागा त्यांची. त्याबद्दल कधी चर्चा झाली नाही. देवळाचा खांब कुठे असावा याची कुणी चर्चा करतं का?

एका दुपारी ते माझ्याकडे आले. बायको बचत गटाच्या बैठकीला गेली होती, हे बघूनच आले असावेत. बसले. माझा चार्जर हातात घेऊन उलटापालटा केला. मग म्हणाले, "पदं मोबाईलमदी घालता येतात का रं? मोठ्या अक्षरात?"

मी म्हटलं, येतात की, पण डोळ्यांचा त्रास असेल तर आधी कर्जतला जाऊन नंबर तपासून घेऊ. त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"चष्मा हाय," ते म्हणाले. "शब्द निसटतात. पहिली ओळ येते. चाल येते, बोटं बरोबर पट्टीवर जातात. दुसरी ओळ दारापतूर येते न् आत येत नाय."

ते उठले, चप्पल घातली आणि उंबऱ्यात थांबून म्हणाले, "कोणी विचारलं तर डोळं म्हण. तुज्या काकीला पण."

खरं तर त्या क्षणी मला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण लगेच डोक्यात आलं, अरे, गिऱ्हाईक आलं! बियाण्याच्या अ‍ॅपनंतर कुणी स्वतःहून माझ्याकडे काही मागत होतं, आणि तेही असं काही, ज्याचा खरा उपयोग होता. मी त्याच दिवशी कामाला लागलो.

मंडळातल्या जुन्या माणसांकडून मी पदं उतरवून घेतली. आमची काही पदं गावातच रचलेली, कुठल्या पुस्तकात सापडायची नाहीत. मी ती टाइप केली, अक्षरं चांगली ठसठशीत ठेवली, कडेने भगवी वेलबुट्टी काढली आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन दंड, म्हणजे पोथीत असतात तशा दोन उभ्या रेघा, आपोआप उमटतील अशी सोय केली. या दोन दंडांचा मला भारी अभिमान होता. ओळ कुठलीही असो, तिच्या शेपटीला दोन दंड लागायचेच. हे लक्षात ठेवा, कारण मी नाही ठेवलं.

अ‍ॅप चाललं, आणि छान चाललं. काकीने तांदळाची एक छोटी पिशवी शिवून दिली, तिला टेकवून मोबाईल पेटीवर उभा राहायचा. तिने विचारलं, हे कशाला आता? काका म्हणाले, डोळं. पखवाज वाजवणारे काकांचे शाळेपासूनचे सोबती, त्यांनीही विचारलं. त्यांनाही डोळे. हे पखवाजी तोंडाने फटकळ. म्हणाले, "बुवा मॉडर्न झाला. उद्या प्यांट घालून येल." सगळे हसले, काकाही हसले, आणि त्या दिवशी त्यांनी तीन पदं एकही ओळ न अडखळता गायली. मी मागे बसून ऐकत होतो. माझ्या हातून आयुष्यात झालेलं ते एकमेव धड काम, आणि ते तिथेच थांबलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

अ‍ॅप पसरलं. आधी शेजारच्या गावात, मग भिवपुरीच्या पलीकडे, मग बायकोच्या माहेरी, म्हणजे खालापूरकडच्या मंडळांत. माझे सासरे तिकडे टाळकरी. त्यांनी ते सगळ्यांच्या मोबाईलवर चढवलं. बायको म्हणाली, एवढे लोक वापरतात तर त्याचं मिळतं काय? मी म्हटलं, पुण्य. ती म्हणाली, किराणावाला घेतो का विचारून ये.

मग मी जाहिराती लावल्या.

जाहिरातींचेही प्रकार असतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. मला वाटायचं, जाहिरात म्हणजे जाहिरात. पण त्या धंद्यात शिरलं की कळतं, अंगचटीला येण्याचीही एक शिस्त असते. पहिली असते ती पट्टी. पडद्याच्या तळाशी गपचूप पडून राहणारी. तिचा तसा उपद्रव नाही, पण मी बसवली ती नेमकी पदाच्या शेवटच्या ओळीवर. शेवटच्या ओळीत तर संताचं नाव असतं. सासऱ्यांचा फोन आला. एरवी ते जावयाशी अगदी मोजून, अदबीने बोलतात. तसेच बोलले. "जावईबापू, शेवटच्या ओळीवर चारचाकी उभी हाय. जरा पुढं घेता का?" त्यांचं मंडळ पंधरवडाभर रचणाऱ्याचं नाव न घेता पदं संपवत होतं.

पट्टी हलवली. मग दुसरा प्रकार लावला, पूर्ण पडदा व्यापणारी. एक पद संपवून दुसरं उघडलं की मधे ही येऊन उभी राहते. कोपऱ्यात फुली असते, पण ती लगेच उमटत नाही. आणि उमटते तेव्हा बाजरीच्या दाण्याएवढी असते. नांगराच्या मुठीने घट्टे पडलेल्या अंगठ्याने ती दाबायला जावं तर जाहिरातच उघडते. पखवाज्यांची तर आणखी तऱ्हा. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापतात, ती बोटांना असते. त्यांनी एकदा बुवांच्या मदतीला म्हणून फुली दाबली, तर कुठलासा पत्त्यांचा खेळ मोबाईलमध्ये उतरायला लागला आणि देवळात नाणी सांडल्याचा आवाज घुमला. देवापुढे ताट घेऊन उभ्या असलेल्या एका बाईने खाली वाकून बघितलं.

आणखी एक बक्षिसाची जाहिरात असते. ती अख्खी बघितलीत तर तासभर बाकीच्या येत नाहीत. काही मंडळांत म्हणे गणाचं पद सुरू व्हायच्या आधी एक जण बाजूला बसून ती बघून घ्यायचा. उदबत्ती लावावी तसं.

हे सगळं मला तेव्हा गमतीचं वाटायचं. लोकांना सांगायचो, हसवायचो. आता तेच सांगतोय, पण हसू येत नाही.

कारण काका. त्यांच्यासमोर पूर्ण पडद्याची जाहिरात यायची तेव्हा त्यांच्याजवळ पुढच्या पदाचे शब्द नसायचे. बाकीच्या बुवांना पद येत असायचं, मोबाईल नुसता आधार. काकांना तो काठीसारखा लागायचा, आणि मी दर पदानंतर ती काठी काढून घेत होतो. त्यांनी त्यावर एक तोड काढली. जाहिरात आली की ते डोळे मिटून आलाप घ्यायचे, पेटीवर सूर फिरवत राहायचे, आणि एक डोळा किलकिला करून फुली उमटली का बघायचे. लोक म्हणायला लागले, बुवांचं गाणं हल्ली किती रंगतंय, काय तो आलाप! मला कुणी सांगितलं की मी मान डोलवायचो. मला खरं कारण माहीत होतं. एकट्या मला.

एकदा त्यांनी वाटेत मला गाठलं आणि अगदी सहज, भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं की ते मधेच येतं ते बंद करता येतं का. मी म्हटलं, ते वरून येतं काका, कंपनीचं असतं, आपल्या हातात नसतं.

माझ्या हातात होतं. प्रोग्रॅममधली एक ओळ खोडली की बंद. सगळ्यांचं नाही तर निदान त्यांच्या मोबाईलपुरतं तरी करता आलं असतं. पण ते केलं असतं तर बायकोला दाखवायचा कमाईचा आकडा घसरला असता, आणि तो आकडा आताशी कुठे दाखवण्यालायक झाला होता. तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी? हो, एवढ्यासाठीच.

मात्र खोटं बोलल्यावर मला चैन पडेना. जेवताना काकांचा तो किलकिला डोळा आठवायचा. म्हणून मी त्यांच्यासाठी काहीतरी चांगलं करायचं ठरवलं, आणि माझ्या आयुष्यात घोटाळे नेहमी इथूनच सुरू होतात.

जाहिरातींचा एक सभ्य प्रकार असतो. ती आवाज करत नाही, पडदा अडवत नाही. तुमच्या मजकुरात बेमालूम मिसळून बसते. तुमचीच अक्षरं, तुमचाच रंग, तुमचीच वेलबुट्टी. कोपऱ्यात फिकट रंगात 'जाहिरात' असं लिहिलेलं असतं, ज्याला दिसेल त्याला. कंपनीच्या माहितीत म्हटलं होतं की यामुळे वापरणाऱ्याला त्रास कमी होतो. मला ते पटलं. मी पूर्ण पडद्याची जाहिरात काढून टाकली आणि ही आणली, पदाच्या चौथ्या ओळीनंतर, जिथे तसाही श्वास घ्यायला थांबतात. माझ्या अ‍ॅपने तिलाही ओळ समजून शेवटी दोन दंड लावले. मला ते दिसलंसुद्धा. मला वाटलं, वा, काय मिसळून गेलीय.

काकांना सांगितलं, आता मधे काही येणार नाही. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

त्यानंतर आठवड्याभरात शेलूचं आमंत्रण आलं. माझ्या चुलतभावाने, म्हणजे काकांच्याच थोरल्याने, शेलूला स्टेशनजवळच्या नव्या इमारतींत जागा घेतली होती. त्याची वास्तुशांत. सकाळी पूजा आणि दुपारनंतर सोसायटीच्या हॉलमध्ये भजन. मुलाच्या नव्या घरात बाप गाणार. काकांनी त्या दिवसासाठी सदरा इस्त्री करून घेतला होता, नाहीतर काकांना इस्त्रीचं वावडं. सोसायटीतले शेजारी कुठकुठले, डोंबिवलीहून आलेले, साताऱ्याकडचे, दोन-तीन घरं उत्तरेकडची. त्यांच्यासाठी आमचं भजन म्हणजे नवलाई. मोबाईल वर करून उभे होते सगळे.

मी मागे, प्रसादाच्या शिऱ्याजवळ. शिरा वाटायचं काम मी नेहमी मागून घेतो.

दोन पदं झाली. तिसरं त्यांनी निवडलं ते आमच्या गावातलंच, देहावरचं. माणूस थकतो, हात-पाय ऐकेनासे होतात, जवळचं सगळं सुटत जातं, अशा अर्थाचं. चाल संथ. हे पद त्यांनी माझ्या आजोबांच्या दहाव्याला गायलेलं मला आठवतं. चार ओळी झाल्या. हॉल अगदी शांत. काकांनी श्वास घेतला, पडद्याकडे बघितलं आणि पाचवी ओळ उचलली.

"सांधेदुखी गेली पळून, पाहा एकदा तेल चोळून..."

माझ्या हातात चमचा होता, तो तसाच राहिला.

आमच्याकडची रीत अशी की बुवांनी ओळ टाकली की मागच्यांनी ती तशीच उचलायची. विचार करायचा नाही. बुवांच्या तोंडून निघालं म्हणजे ते पदात आहे. मंडळाने ती ओळ उचलली. टाळ वाजले, पखवाजाने ठेका धरला. सांधेदुखी गेली पळून. मग रीतीप्रमाणे दुसऱ्यांदा, वरच्या सुरात. आमचे टाळकरी मन लावून गाणारे, त्यांनी तर 'तेल' या शब्दावर गळ्याची छोटी हरकतही घेतली. आणि खरं सांगतो, त्या पदात ती ओळ खपून जात होती. थकल्या देहाबद्दलच तर चाललं होतं.

आधी एक मुलगी हसली, मोबाईलवर टिपत असलेली. मग तिच्या शेजारची. मग हॉलभर हसू पसरलं. वाईट हसणं नव्हतं ते, लोकांना खरंच मजा आली होती. काकांना कळेना. त्यांना वाटलं सूर गेला. त्यांनी पेटीची पट्टी चाचपली आणि तीच ओळ पुन्हा गायला तोंड उघडलं.

पखवाज्यांनी हात थांबवला. ते हसत नव्हते. ते वाकून पेटीवरच्या मोबाईलकडे बघत होते, मग काकांकडे. आणि म्हणाले, हळूच म्हणाले, पण माईक समोर होता.

"हे पद तर तुला झोपेत येतं रं. वाचून गातोस?"

त्या एका प्रश्नाने सगळं उघडं पडलं. डोळे अधू झालेला माणूस वाचायला जाईल कशाला? तो तर उलट पाठ आहे ते डोळे मिटून गाईल. इतके दिवस ही साधी गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती, काकांच्या आणि माझ्याही नाही. मला आजही काकांचा तेव्हाचा चेहरा सांगता येणार नाही, कारण मी बघितलाच नाही. मी शिऱ्याच्या पातेल्यात बघत होतो. मला उठून म्हणता आलं असतं की ही चूक माझी आहे, अ‍ॅपची आहे, बुवांची नाही. मी एका लहान मुलाला दोनदा शिरा वाढला.

शेवटचा गजर मंडळाने उभ्याउभ्या उरकला. परतताना टेंपोत काका पुढे चालकाशेजारी बसले होते, आणि तांदळाची पिशवी मांडीवर घेऊन तिची शिवण नखाने उसवत होते.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या जाहिराती काढल्या. पट्टी, बक्षिसाची, सगळ्या. खोडायला किती वेळ लागला ते सांगत नाही, सांगायला लाज वाटते. पण तो शेलूचा व्हिडिओचा तुकडा तोवर गावोगाव फिरायला निघाला होता. दोन दिवसांनी कामासाठी शिळफाट्याला गेलो, तर चहाच्या टपरीवर तोच वाजत होता. टपरीवाला माझ्यासारख्या अनोळखी माणसालाही दाखवायला आला. म्हणाला, बघा, काय म्हातारा हाय, भजनात जाहिरात करतो, किती घेतले असतील कंपनीकडून? मी म्हटलं, काही नाही घेतले. तो म्हणाला, तुम्हाला कसं ठाऊक? मी चहा अर्धा टाकून निघालो.

गुरुवारी काका देवळात आले नाहीत. नंतरच्या एकादशीलाही नाही. पेटी उघडून ठेवलेली, आणि मंडळ नुसता गजर करून उठलं.

शेवटी मी त्यांच्या घरी गेलो. काकी अंगणात वाल सोलत बसली होती. मला बघून म्हणाली, "तेल आणलंस का?" आणि वाल सोलत राहिली. मी उभाच. थोड्या वेळाने तिने मला खाली बसायला सांगितलं आणि सोलायला ओंजळभर वाल पुढे सरकवले. मला ठाऊक नव्हतं असं वाटलं का तुम्हा दोघांना, ती म्हणाली. चहात साखर दोनदा पडते, बाजारात जाऊन पिशवी तशीच परत येते, हे डोळ्यांनी होतं का? त्यांना सांगायचं नव्हतं म्हणून ती विचारत नव्हती, एवढंच. पिशवी शिवून दिली ती सगळं समजूनच. मग म्हणाली, वाडीत आहेत, जा.

काका कारल्याच्या मांडवाला सुतळी बांधत होते. मला बघून त्यांनी एक टोक माझ्या हातात दिलं. मी ते धरून उभा राहिलो आणि म्हटलं, जाहिराती काढल्या सगळ्या. ते म्हणाले, बरं केलंस. त्यांनी पुढची गाठ मारली.

"मी तुला विचारलं होतं ना रं," ते म्हणाले, "ते मधी येतं ते बंद होतं का म्हणून?"

"विचारलं होतंत."

"तू म्हणालास, वरून येतं."

"हो."

"वरून येत होतं?"

मी सुतळीकडे बघत म्हटलं, "नाही, काका. माझ्याच हातात होतं."

त्यांनी गाठ आवळली, उरलेली सुतळी दाताने तोडली. "एवढंच विचारायचं होतं. मला वाटत होतं, तू तसं करून देतो म्हणाला असशील आन् माज्या ध्यानात उलटं राहिलं असेल. हल्ली माजा मलाच भरवसा नाय."

मी त्यांना म्हटलं की गुरुवारी या. पखवाजीही त्यांना तेच सांगून गेले होते. माझ्याशी मात्र पखवाजी भांडले होते. आधी सांगितलं असतंस तर मी त्याच्या डाव्या हाताला बसतोच, ओळीचा पहिला शब्द पुटपुटलो असतो, कुणाला कळलंही नसतं, असं म्हणाले होते. आताही पुटपुटायची त्यांची तयारी होती. काकांनी दोघांनाही एकच उत्तर दिलं. ते रागावलेले नव्हते, आणि रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"आता मी ओळ टाकली की ते आधी माज्या तोंडाकडं बघतील, खरी हाय का खोटी. मग उचलतील. तसं गाणं होत नाय रं."

त्यानंतर पेटीवर मंडळातला दुसरा गाणारा बसायला लागला. कडावकडे टेंपो चालवतो, आवाज मोकळा आहे, पदं पाठ आहेत. पखवाज्यांनी त्याला बसवलं आणि पहिल्याच गुरुवारी सगळ्यांदेखत सांगितलं की नुसता ओरडू नको, ऐकत जा. मी देवळात दाराशी, चपलांजवळ बसत होतो. आत जायची हिंमत होत नव्हती.

महिन्याभराने एका गुरुवारी गणाचं पद चालू असताना काका आले. पेटीवाला गाता गाता उठायला लागला. काकांनी त्याला हातानेच बस म्हटलं आणि ते मागे टाळकऱ्यांत जाऊन बसले. कुणीतरी त्यांच्या हातात टाळ दिले. अख्खं आयुष्य पेटीमागे काढलेला माणूस, टाळ धरायचाही सराव नव्हता, दोनदा ठेका चुकले. पखवाज्यांनी मान वळवून डोळे वटारले, आणि काका हसले.

मागे बसलेल्याला शब्द पाठ असावे लागत नाहीत. समोरून ओळ येते, ताजी, आत्ता ऐकलेली, ती तशीच उचलायची. दोन ओळींच्या मधे विसरायला जागाच नसते. काका मान खाली घालून ऐकत होते आणि ओळ संपली की सगळ्यांच्या आधी उचलत होते, मोकळ्या गळ्याने. शेलूच्या आधीही किती दिवसांत मी त्यांना असं निर्धास्त गाताना ऐकलं नव्हतं.

लोक म्हणतात, बरं झालं, बुवांना आराम मिळाला. मला कुणी काही बोलत नाही. अ‍ॅप मी बनवलं हे आता निम्म्यांना आठवतही नाही. पण मला कळतं की अजून एक-दोन वर्षं ते पेटीवर बसले असते. पखवाजी पुटपुटले असते, मोबाईलने सांभाळून घेतलं असतं, मग कधीतरी त्यांनी स्वतः जागा सोडली असती, आपल्या मनाने, आपल्या दिवशी. ती जागा त्यांनी सोडली नाही. मी सोडायला लावली.

त्या दिवशी पदाच्या मधेच त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. त्यांनी मला बघितलं आणि शेजारची मोकळी जागा टाळानेच दाखवली. नाही म्हणण्यासारखं ते दाखवणं नव्हतं. मी चपलांमधून वाट काढत आत गेलो, त्यांच्याजवळ बसलो. समोरून ओळ आली. त्यांनी उचलली. मीही उचलली, पण मला ना सूर ना ताल, माझी ओळ सगळ्यांच्या मागून एकटीच आली. काकांनी वळून माझ्याकडे बघितलं, चुकणाऱ्या पोराकडे बघावं तसं, मायेने, आणि पुढच्या ओळीला कधी तोंड उघडायचं ते मला मानेने दाखवलं.

दर गुरुवारी दाखवतात. दर गुरुवारी मला तिथून उठून जावंसं वाटतं.